जव्हार-मोखाड्याच्या शाळेत नाटकाचा तास

जव्हार आणि मोखाडा या पालघर जिल्ह्यातल्या दोन डोंगरी तालुक्यांची मिळून लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सव्वादोन लाखांच्या आत-बाहेर होती, आणि त्यात दर दहांत नऊ माणसे आदिवासी होती. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. या भागाचे नाव राज्याच्या कानावर येते ते बहुधा कुपोषणामुळे (वावर-वांगणीचे १९९२-९३ चे बालमृत्यू अजून विसरले गेलेले नाहीत), उन्हाळ्यातल्या पाणीटंचाईमुळे आणि दिवाळीनंतर वीटभट्ट्यांकडे निघणाऱ्या कुटुंबांमुळे. अशा ठिकाणी हायस्कुलात नाटक शिकवावे का, हा प्रश्न अनेकांना चैनीचा वाटेल. या लेखाचे म्हणणे उलट आहे. नाटक आणि इतर प्रयोगकला शाळेत शिकवण्याचा जो सर्वांत भक्कम, तपासून पाहिलेला फायदा आहे, तो भाषेचा आहे. आणि भाषेची सर्वाधिक अडचण जिथे आहे तिथे, म्हणजे घरची बोली एक आणि पुस्तकाची मराठी दुसरी अशा शाळेत, त्या फायद्याची गरज सर्वांत जास्त आहे. म्हणून जव्हार-मोखाड्यातल्या नववी-दहावीच्या वेळापत्रकात नाटकाचा तास असावा. तो स्नेहसंमेलनापुरता, स्पर्धेपुरता किंवा वाढीव गुणांपुरता नसावा. भाषेच्या तासाइतका नियमित असावा, आणि तो या भागातल्या जिवंत सादरीकरणाच्या परंपरेवर उभा असावा.

ही परंपरा किती मोठी आहे याचा अंदाज बाहेरच्यांना सहसा नसतो. होळीनंतर या पट्ट्यातल्या गावांत बोहाडा सुरू होतो. देवदेवता, राक्षस, पशू, वीर यांचे मुखवटे घालून एकेक सोंग रात्री गावातल्या रस्त्याने नाचत निघते. पुढे टेंभ्यांचा उजेड, बरोबर संबळ आणि सनई-पिपाणी, दोन्ही बाजूंना अख्खे गाव आणि आसपासचे पाडे. गणपती आणि सरस्वती आधी येतात, मग नरसिंह, खंडेराव, वीरभद्र, त्राटिका, रावण अशी रांग लागते, आणि अखेरीस जगदंबा आणि महिषासुर यांचे युद्ध होते. मोखाड्याचा जगदंबेचा बोहाडा यांत विशेष प्रसिद्ध आहे. कोणते सोंग कोणी घ्यायचे हे काही गावांत घराण्याच्या मानाने ठरते, काही गावांत बोली लावून. मुखवटे पूर्वी लाकडाचे असत, आता कागदाच्या लगद्याचे अधिक दिसतात. जव्हारजवळच्या रामखिंडीतले कारागीर त्यासाठी ओळखले जातात. नटाच्या दृष्टीने या प्रकारात एक गोष्ट फार मोलाची आहे. चेहरा पूर्ण झाकलेला असल्यामुळे राग, भीती, मस्ती, दैवीपण हे सगळे मान, खांदे, कंबर आणि पावले यांतूनच उमटवावे लागते. सोंगाचे वजन डोक्यावर पेलत, संबळाच्या ठेक्यावर, डोळ्यांपुढच्या दोन छोट्या भोकांतून वाट बघत ते करायचे असते. पॅरिसमध्ये १९५६ साली सुरू झालेल्या जाक लकॉकच्या नाट्यशाळेत नटाला शिकवण्याचा पाया मुखवटाच होता, कारण चेहरा काढून घेतला की शरीर बोलायला लागते. मोखाड्यातला चौदा वर्षांचा मुलगा हे शिक्षण दर वर्षी रस्त्याच्या कडेला उभा राहून घेत असतो.

तारप्याचेही तसेच. वाळवलेला दुधी, बांबू, ताडाचे पान आणि मेण यांतून बनणारे हे वाद्य श्वास न तोडता वाजवावे लागते. तारपकरी मध्ये, आणि एकमेकांच्या कमरेला हात घातलेल्या नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती. सूर बदलला की पाऊल बदलते, कोणी तोंडाने आकडे मोजत नाही. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना वयाची नव्वदी ओलांडल्यावर २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली, ती याच वाद्यासाठी. वारल्यांच्या लग्नात विधी चालवणारी आणि गाणी म्हणणारी धवलेरी बाई असते. लांबलचक गीते तिला तोंडपाठ असतात, आणि तिच्या गाण्याशिवाय लग्न पुरे होत नाही. भगताच्या घांगळीवर देवांच्या कथा गायल्या जातात. गौरी नाच, तूर नाच, कामडी नाच वेगळेच. मराठी रंगभूमीचा आरंभ आपण १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी केलेल्या ‘सीतास्वयंवर’पासून मोजतो. त्या नाटकांतही आधी गणपती-सरस्वती येत, मग राक्षस आरडाओरडा करीत शिरत. बोहाड्याची मांडणी याच्याशी इतकी जुळते, की मराठी नाटकाच्या इतिहासाचा पहिला धडा शिकवायला मोखाड्याच्या शिक्षकाला गावाबाहेर जावे लागू नये.

आता शाळेकडे पाहू. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अर्धवेळ निदेशक द्यावेत असे आहे. नववीपासून वर हा आधारही संपतो. माध्यमिक शाळेत ‘कलाशिक्षक’ म्हणजे व्यवहारात चित्रकलेचे शिक्षक. नववी-दहावीसाठी बालभारतीने ‘स्व-विकास व कलारसास्वाद’ हे पुस्तक काढले, पण तो श्रेणीचा विषय, आणि श्रेणीच्या विषयाचा तास गणिताच्या उजळणीला दिला जातो हे प्रत्येक शाळेत माहीत असते. मग उरते स्नेहसंमेलन. तिथे सिनेमाच्या गाण्यांवरचे नाच होतात, एखादी नाटिका होते आणि पाहुणे येणार असतील तर ‘आदिवासी नृत्य’ होते. बसवलेली नाटिका दहा-बारा मुलांची असते, उरलेली तीन-चारशे मुले ती पाहतात. ज्याचे उच्चार आधीच स्वच्छ आहेत त्याला मोठी भूमिका मिळते, आणि ज्याला बोलण्याची सवय व्हायला हवी तो झाड होऊन उभा राहतो किंवा पडदा ओढतो. शिकवणे याच्या उलट असायला हवे.

धोरणाच्या कागदावर मात्र चित्र बदलले आहे. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि त्यावर बेतलेला २०२३ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा यांनी कलाशिक्षणाला इतर विषयांच्या बरोबरीचे क्षेत्र मानले, आणि त्यात दृश्यकला, नाट्य, संगीत, नृत्य या चारही गोष्टी धरल्या. एनसीईआरटीने २०२४ साली सहावीसाठी आणलेल्या ‘कृति’ या पुस्तकात चारही कलांना जागा आहे. हा बदल खरा आहे आणि स्वागतार्हही. पण हीच दिशा २००५ च्या अभ्यासक्रम आराखड्यातही होती. कला, संगीत, नृत्य आणि नाट्य यांवर तेव्हा स्वतंत्र भूमिकापत्र लिहिले गेले होते. तरीही वीस वर्षांत डोंगरातल्या हायस्कुलापर्यंत नाटकाचा शिक्षक पोहोचला नाही. कागदावरच्या समानतेला वेळापत्रकातले तास आणि शिकवणारा माणूस लागतो. दोन्ही नसतील तर नवा आराखडाही जुन्याच्या वाटेने जाईल.

महाराष्ट्राने दुसरी एक वाट काढली, ती गुणांची. २०१७ पासून दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय कला, चित्रकला आणि लोककला यांतल्या प्रावीण्यासाठी वाढीव गुण मिळतात. हेतू चांगला आहे, पण गुण मिळवायचे तर संस्थेचे प्रमाणपत्र लागते आणि लोककलेत प्रयोगांची संख्या दाखवावी लागते. शहरात क्लासला जाऊन परीक्षा देणाऱ्या मुलीला हे सोपे आहे. गावच्या बोहाड्यात लहानपणापासून संबळ वाजवणाऱ्या मुलाला ते प्रमाणपत्र कोण देणार? त्याचा गुरू त्याचा काका किंवा आजोबा आहे. त्याच्याकडे नोंदणीकृत संस्था नाही, लेटरहेड नाही, शिक्का नाही. म्हणजे जी सवलत लोककलेसाठी आहे, तिच्यातून लोककला जिथे जगते तेच गाव वगळले जाते. शिवाय दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि बोहाड्याचा हंगाम फाल्गुन-चैत्रात. ऐन कसोटीच्या काळात शाळा आणि गाव मुलाला दोन दिशांना ओढतात.

गुणांना आणि स्पर्धेला किती मर्यादा आहेत हे पाहायचे असेल तर केरळकडे पाहावे. तिथला शालेय कलोत्सव १९५७ पासून चालू आहे. आशियातल्या सर्वांत मोठ्या शालेय कलामहोत्सवांत तो गणला जातो, आणि त्यातून अनेक नट, नर्तक, गायक पुढे आले. जानेवारी २०२५ च्या तिरुवनंतपुरमच्या कलोत्सवात पणिय नृत्य, इरुळ नृत्य, मंगलंकळी यांसारखे पाच आदिवासी प्रकार पहिल्यांदा स्पर्धेत घेतले गेले. हे पाऊल महाराष्ट्राने नीट अभ्यासावे असे आहे, कारण एका राज्याने आदिवासी मुलाच्या कलेला शास्त्रीय नृत्याच्या मांडवात उभे केले. पण त्याच कलोत्सवाने दुसरी बाजूही दाखवून दिली आहे. पोशाख आणि प्रशिक्षक यांवर होणारा खर्च, वाढीव गुणांसाठीची चढाओढ, निकालांवरची अपिले आणि थेट न्यायालयापर्यंत गेलेले पालक. केंद्र सरकारने २०१५ पासून नववी ते बारावीसाठी सुरू केलेल्या ‘कला उत्सवा’तही राष्ट्रीय मंचावर पोहोचतात ती मोजकीच मुले. महोत्सव असावेत, त्यांनी उत्साह येतो. पण महोत्सव हा निवडीचा मार्ग आहे, शिक्षणाचा नाही. निवडून न आलेल्या मुलासाठी तिथे काहीच उरत नाही.

मग नाटक शिकून नेमके काय होते? इथे फार सावध राहावे लागते, कारण कलाशिक्षणाच्या बाजूने बोलणारे पुष्कळदा हवे ते सगळे फायदे कलेच्या पदरात टाकतात: गणित सुधारते, बुद्ध्यांक वाढतो, गळती थांबते. हार्वर्डच्या ‘प्रोजेक्ट झीरो’मध्ये एलन विनर आणि लोइस हेटलँड यांनी २००० साली अशा दाव्यांची कसून छाननी केली. अर्धशतकातले अभ्यास गोळा करून त्यांनी दहा वेगवेगळी एकत्रित विश्लेषणे केली. कलेमुळेच इतर विषयांतली प्रगती होते असे ठामपणे म्हणण्याजोगा संबंध त्यांना तीनच ठिकाणी सापडला. त्यांतले दोन संगीत आणि अवकाशाची जाण यांच्याविषयीचे आहेत. तिसरा वर्गातले नाट्य आणि भाषा यांचा. त्यासाठी ॲन पॉडलॉझनी यांनी ऐंशी अभ्यास तपासले होते. गोष्ट वर्गात प्रत्यक्ष साकारली तर मुलांना ती अधिक समजते, अधिक लक्षात राहते, आणि मुख्य म्हणजे जी गोष्ट साकारलेली नाही अशा नव्या मजकुराच्या वाचनातही ती मुले पुढे जातात. उरलेले बरेच दावे या छाननीत टिकले नाहीत. कला घेणारी मुले परीक्षेत वरचढ दिसतात, पण अनेकदा चांगल्या घरची आणि हुशार मुलेच कला निवडत असतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणूनच जे टिकले त्यावर भरवसा ठेवता येतो.

याला जोडून आणखी दोन अभ्यास पाहावेत. ग्लेन शेलेनबर्ग यांनी २००४ साली कॅनडात १४४ सहा वर्षांच्या मुलांचे गट केले. काहींना वाद्य, काहींना गायन, काहींना नाटक, काहींना काहीच नाही. संगीताच्या गटांचा बुद्ध्यांक किंचित वाढला. नाटकाच्या गटाचा वेगळा असा वाढला नाही, पण त्यांचे इतरांशी वागणे-बोलणे स्पष्टपणे सुधारले. ती मुले लहान होती आणि शहरातली होती, हे लक्षात ठेवायला हवे. मुख्यतः युरोपातल्या बारा देशांत १३ ते १६ वर्षांच्या ४,४७५ मुलांवर झालेल्या ‘डाइस’ या पाहणीत शाळेत नियमित नाटक करणारी मुले वाचन, आकलन आणि संवाद यांबाबत अधिक आत्मविश्वासाने बोलली. त्या पाहणीत मुलांच्या स्वतःविषयीच्या मताला मोठी जागा होती, म्हणून तिचे वजन पहिल्या छाननीहून कमी धरावे. तरी तिन्हींची दिशा एक आहे: नाटक मुलाला भाषेत आणि माणसांत उतरवते.

हे पुरावे परदेशातले आहेत, आपल्या डोंगरात ते कसे लागू होतील, अशी शंका रास्त आहे. पण इथली परिस्थिती पाहिली तर ते अधिकच लागू होतात. वारली, कोकणा किंवा कातकरी मुलगा घरी एका बोलीत वाढतो आणि पहिलीपासून दुसऱ्या मराठीत वाचायला शिकतो. नववीपर्यंत तो पुस्तक वाचू लागतो, प्रश्नांची उत्तरे पाठ करतो, पण त्या भाषेत वाद घालणे, नकार देणे, विनवणी करणे, थट्टा करणे त्याला जमत नाही, कारण त्या भाषेत त्याला यातले काही करायची वेळच आलेली नसते. नाटकात हे सगळे करावेच लागते. उदाहरणादाखल एक तास असा असू शकतो. प्रसंग तहसील कचेरीतला. आजी नातवाच्या जातीच्या दाखल्यासाठी तिसऱ्यांदा आली आहे, कारकून म्हणतो आहे की पुराव्याचा कागद अपुरा आहे. वर्गाचे सहा गट करायचे. प्रत्येक गटाने प्रसंग आधी घरच्या बोलीत करायचा. तिथे आजी खमकी होते, कारकुनाला निरुत्तर करते, वर्ग हसतो. मग तोच प्रसंग कारकुनाच्या मराठीत करायचा, आणि आजीला आपले म्हणणे त्या भाषेत मांडायचे. ती अडखळते तिथे वर्गाने शब्द पुरवायचे: ‘पोच’, ‘अर्ज’, ‘मुदत’, ‘लेखी द्या’. शेवटी प्रत्येकाने पाच-सहा संवाद वहीत लिहायचे. चाळीस मिनिटांत ऐकणे, बोलणे, शब्दसंग्रह आणि लेखन सगळे झाले. शिवाय दाखल्यासाठी कोणते कागद लागतात ही उपयोगाची माहितीही मिळाली. भाषेच्या पुस्तकातल्या ‘संवादलेखना’च्या प्रश्नाला याहून चांगली तयारी कोणती?

या जिल्ह्यात असे काम अगदीच झाले नाही असे नाही. डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला १९५७ पासून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालशिक्षण उभे केले. शाळा मुलांच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढल्या, गाणी-गोष्टी-खेळ हेच शिक्षणाचे साधन मानले. पण ते काम लहान मुलांचे होते. तोच विचार हायस्कुलापर्यंत चढवला गेला नाही. अलीकडे शेजारच्या वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याच्या ‘क्वेस्ट’ या संस्थेने गीतांजली कुलकर्णी यांच्या पुढाकाराने ‘गोष्टरंग’ हा उपक्रम चालवला आहे. त्यात तरुण नट आश्रमशाळांतल्या मुलांपुढे बालसाहित्यातल्या गोष्टी सादर करतात, मुलांबरोबर त्यांवर काम करतात आणि त्यातून वाचनाकडे नेतात. नाटक साक्षरतेसाठी जाणीवपूर्वक वापरण्याचे हे आपल्याकडचे फार महत्त्वाचे उदाहरण आहे. त्याची पुढची पायरी म्हणजे मुले प्रेक्षक न राहता करणारी होणे, आणि ते हायस्कुलाच्या वयात होणे.

मराठी बालरंगभूमीचा इतिहासही हेच सांगतो. सुधा करमरकरांनी १९५९ साली रत्नाकर मतकरींच्या ‘मधुमंजिरी’ने बालनाट्याची गंभीर सुरुवात केली, पुण्यात मोहन आगाशे यांनी बर्लिनचे ग्रिप्स नाट्य १९८६ मध्ये मराठीत आणले. हे सगळे मोलाचे, पण तिकीट काढून नाटकाला जाणाऱ्या शहरी मुलांपुरते राहिले. ती कोंडी फोडली मतकरींनीच, उतारवयात. ठाण्यातल्या समता विचार प्रसारक संस्थेबरोबर त्यांनी ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला, आणि वस्तीतली मुले स्वतःच्या जगण्यावर स्वतः नाटुकली रचून करू लागली. ठाण्याच्या वस्तीत जे होऊ शकते ते जव्हारच्या वसतिगृहात का होऊ नये?

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत जोराचा आक्षेप वेळेचा आहे. दहावीतल्या मुलाला भागाकार येत नसताना नाटकाला आठवड्याचे दोन तास द्यायचे? मुख्याध्यापकाची ही चिंता खरी आहे आणि तिला कमी लेखू नये. पण वर जे सांगितले त्यातच उत्तर आहे: हे तास भाषेच्या वाट्यातून घ्यावेत, गणिताच्या नव्हे, कारण ते भाषेचेच काम करतात. मराठीच्या तासांपैकी दोन तास या पद्धतीने चालवले तर अभ्यासक्रम मागे पडत नाही. शिवाय गणिताचा शाब्दिक प्रश्न आणि विज्ञानाचा परिच्छेदही भाषेतच अडतात. दुसरा आक्षेप पोटापाण्याचा. मोखाड्याच्या मुलाला नाटकातून कोण नोकरी देणार? कोणी देणार नाही, हे मान्य. पण हीच मुले पुढे पोलीस भरतीच्या रांगेत, नर्सिंगच्या प्रवेशाला, बँकेच्या खिडकीशी उभी राहणार आहेत. आणि एक जागा तर त्यांच्या हक्काचीच आहे. १९९६ चा पेसा कायदा आणि महाराष्ट्राचे २०१४ चे नियम यांनी अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला गौण वनोपज, पाणी, जमीन यांबाबत मोठे अधिकार दिले. अठराव्या वर्षी हा मुलगा, ही मुलगी त्या सभेची सभासद होते. चारचौघांत उभे राहून बोलता आले नाही तर तो अधिकार कागदावर राहतो.

तिसरा आक्षेप अधिक नाजूक आहे आणि तो गावातून येईल. बोहाड्याचा मुखवटा हा देव आहे. त्याला मान आहे, पूजा आहे, वेळ आहे. तो शाळेच्या वर्गात आणून मुलांच्या हातात दिला तर ते चालेल का? चालणार नाही, आणि चालूही नये. पाहुण्यांपुढे तारपा नाचवण्याचा जो प्रकार शाळा-कचेऱ्यांत रुळला आहे, त्याने या समाजाला आधीच पुरेसे दुखावले आहे. नाटकाचा तास त्याची नवी आवृत्ती होता कामा नये. शाळेने बोहाड्याकडून त्याची दैवते घेऊ नयेत, त्याचे कसब घ्यावे. मुलांनी आपले मुखवटे कागदाच्या लगद्याचे स्वतः करावेत आणि त्यांवर सावकार, मुकादम, बिबट्या, नवी सून, आजारी म्हातारा अशी आपली पात्रे रंगवावीत. चालावे संबळाच्या ठेक्यावर, पण गोष्ट आपली सांगावी. जगदंबेचे सोंग गावात, जगदंबेच्या देवळापुढे, ज्याचा मान त्यानेच घ्यावे. ही सीमा आधी गावाशी बोलून ठरवली तर विरोध उरणार नाही, उलट जाणकार माणसे शाळेत येतील.

चौथा आक्षेप याच्या दुसऱ्या टोकाचा आहे. गावात हे सगळे आपोआप शिकले जाते, मग शाळेने त्यात हात का घालावा? पूर्वी हे खरे होते. आज मोठ्या संख्येने मुले आश्रमशाळांच्या वसतिगृहांत राहतात. राज्यात शासकीय आणि अनुदानित मिळून अशा हजाराहून अधिक शाळा आहेत. भात कापून झाल्यावर पाड्यावर तारपा वाजतो तेव्हा मूल वसतिगृहात असते, आणि सुटीत घरी येते तेव्हा अनेकदा आईबाप भिवंडी-वसईकडे भट्टीवर असतात. शिकण्याची जुनी साखळी शाळेनेच तोडली आहे, तेव्हा ती सांधण्याची जबाबदारीही शाळेची आहे. आणि मुलींचे काय? बोहाड्यात देवीचे सोंगही परंपरेने पुरुषच घेत आले. धवलेरीच्या रूपाने या समाजात बाईच्या शब्दाला विधीचा अधिकार आहे, पण रात्रीच्या रस्त्यावर मुखवटा घालून नाचणे तिच्या वाट्याला आलेले नाही. नववीतल्या मुलीला आवाज चढवून, अंग मोकळे करून, सगळ्यांच्या नजरेसमोर उभे राहण्याची संधी गाव सहजी देत नाही. ती शाळा देऊ शकते, आणि याच एका कारणासाठीसुद्धा हा तास सुरू करावा.

राहिला प्रश्न शिकवणाऱ्याचा. बी.एड.मधले नाट्यशिक्षण तुटपुंजे आहे, आणि प्रत्येक हायस्कुलात नाट्यशास्त्राचा पदवीधर नेमला जाईल ही आशा फोल आहे. पण या भागात एका माणसात न सापडणारे कौशल्य दोन माणसांत सापडते. मराठीचा शिक्षक आणि गावातला कलावंत यांनी मिळून हा तास घ्यावा. संबळवाला, तारपकरी, सोंग नाचवणारा, मुखवटे करणारा, धवलेरी यांना तासाप्रमाणे मानधन द्यावे. पदवीची अट नको, प्रमाणपत्राची नको, ग्रामसभेची शिफारस पुरे. सरकार ज्येष्ठ कलावंतांना महिना ५,००० रुपये मानधन देते. हात-पाय चालतात तोवर त्याच कलावंताला शिकवण्याचा मोबदला देणे अधिक शहाणपणाचे आहे. शिक्षकांच्या तयारीसाठी मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आणि नाट्यकला अकादमी आहेत, पालघर जिल्हा त्याच विद्यापीठाच्या कक्षेत येतो. तिथल्या विद्यार्थ्यांनी एक सत्र जव्हार-मोखाड्यात काढले तर शिकणे दोन्ही बाजूंनी होईल. परीक्षा हवीच असेल तर ती वर्गातल्या कामाची असावी: मुलाने वर्षभरात किती वेगवेगळ्या भूमिका केल्या, किती संवाद लिहिले, बोलीतून मराठीत आणि मराठीतून बोलीत किती सहज ये-जा केली. क्रमांक काढू नयेत.

जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या अखत्यारीत हे सगळे बसते. आश्रमशाळा त्यांच्या, वेळापत्रक त्यांचे, मानधनाची तरतूदही त्यांना करता येते. नवी इमारत, नवा रंगमंच, ध्वनियंत्रणा यांतले काही लागत नाही. बोहाड्याने ते कधीच मागितले नाही. प्रकल्प कार्यालयाने येत्या जूनपासून निवडक शाळांत नववीच्या वर्गाला आठवड्याचे दोन तास द्यावेत, वर्षाच्या सुरुवातीला आणि अखेरीस मुलांचे वाचन आणि बोलणे तपासावे, जिथे तास नाहीत अशा शाळांशी ते ताडून पाहावे आणि निकाल, मग तो अनुकूल येवो की प्रतिकूल, जाहीर करावा. मराठीच्या शिक्षकांनी मात्र त्या आदेशाची वाट पाहू नये. आपले दोन तास त्यांच्या हातात आजही आहेत.